हवेचे नागरिक-निरीक्षण (नाशिक)

शहरातील हवा किती दूषित आहे हे रहिवाशांनी स्वतः मोजणे, नोंदवणे आणि त्या नोंदींच्या जोरावर महापालिकेकडे कारवाई मागणे म्हणजे हवेचे नागरिक-निरीक्षण. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, म्हणजे हवेची मानके न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत, नाशिक आहे. गंगापूर रोडवर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे स्वयंचलित केंद्र आहे. पण तिथला आकडा द्वारका चौकाला किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीला लागू पडतोच असे नाही. ही मधली जागा भरण्यापुरताच घरगुती उपकरणाचा उपयोग. ते केंद्राची जागा घेत नाही.

उपकरणात ‘एसडीएस०११’ किंवा ‘पीएमएस५००३’ हा हवेतले कण मोजणारा सेन्सर, ‘ईएसपी८२६६’ वायफाय बोर्ड, तापमान-आर्द्रतेसाठी ‘बीएमई२८०’ आणि ५ व्होल्टचा मोबाईल चार्जर असतो. पंखा हवा आत ओढतो, लेझरचा प्रकाश कणांवर आपटून विखुरतो आणि त्यावरून कणांच्या वजनाचा अंदाज काढला जातो. खोका म्हणून प्लंबिंगच्या दुकानातले ७५ मिमीचे दोन पीव्हीसी एल्बो (पाइपचे वाकडे जोड) एकमेकांत बसवून तोंडे खाली ठेवतात आणि त्यांवर बारीक जाळी लावतात. जाळी विसरली की कोळी आत जाळे विणतो आणि आकडे भरकटतात. जागा जमिनीपासून सुमारे ३ मीटर उंच, पावसाच्या झोडीपासून आडोशाला आणि स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टपासून लांब हवी. नाहीतर आलेखात शहराची हवा कमी आणि घरच्या फोडण्याच जास्त दिसतात.

‘एसडीएस०११’चे आयुष्य उत्पादकाच्या हिशेबाने ८,००० तास, म्हणजे अखंड चालवल्यास जेमतेम अकरा महिने. म्हणून तो दर अडीच मिनिटांनी काही सेकंद चालू करून पुन्हा झोपवतात. आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवा धुऊन निघालेली असतानाही उपकरण ओरडते ते यामुळे. नवे खोके आधी आठवडाभर एकमेकांशेजारी ठेवावेत. जे इतरांशी जुळत नाही ते बाजूला काढावे. परवानगी मिळाली तर दोन आठवडे सरकारी केंद्राशेजारी ठेवून तासाच्या सरासरीवरून दुरुस्तीचे गणित बसवावे आणि वर्षाने पुन्हा तपासावे.

यापेक्षा मोठी अडचण धुळीची. हे स्वस्त सेन्सर धुरातले बारीक कण बरे पकडतात. जाड धूळ मात्र त्यांना नीट दिसत नाही. खोदलेल्या रस्त्याकडेला गाड्यांमागे लोट उठत असताना पडद्यावर पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा आकडा) साधारणच असते. त्यामुळे या उपकरणाचा पीएम १०चा आकडा तक्रारीत वापरू नये. तिथे छायाचित्रच बरे.

तुलना क्षणिक आकड्याशी नव्हे, २४ तासांच्या सरासरीशी करायची. भारतीय मानक पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) साठी ६० आणि पीएम १० साठी १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. एका खोक्यावरून ‘एक्यूआय’ (हवा गुणवत्ता निर्देशांक) जाहीर करणे चूकच: त्यासाठी किमान तीन प्रदूषकांची (त्यांत एक पीएम हवेच) आणि किमान १६ तासांची माहिती लागते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते, धूर वर जात नाही. शेकोट्या, जळता पालापाचोळा, पेटवलेला कचरा यांचा मागोवा त्या वेळी घ्यावा. घंटागाडी जिथे चुकते तिथे कचरा पेटण्याची शक्यता जास्त, म्हणून घंटागाडीच्या वेळाही वहीत असाव्यात. उघड्यावर कचरा जाळल्यास राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१६च्या आदेशाने ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरला आहे. नोंद अशी असावी: ‘सकाळी ६.१०, शाळेमागचे मोकळे मैदान, प्लास्टिकचा वास, वारा पश्चिमेकडून, ६.४० पर्यंत चालू.’ सोबत दोन छायाचित्रे. नुसता आलेख पाठवला तर ‘उपकरण प्रमाणित नाही’ एवढे म्हणून तक्रार निकालात काढता येते. वेळ, जागा आणि त्याच तासाचा सरकारी केंद्राचा आकडा शेजारी दिला तर तसे सहजी होत नाही.