परवानगी मागणारा आणि देणारा एकच

अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो या अमेरिकी तळावर एके काळी खरकटं आणि इतर कचरा उघड्या खड्ड्यात जाळला जाई. हा तळ नॅशनल सायन्स फाउंडेशन ही अमेरिकी सरकारी संस्था चालवते. संशोधनाला पैसा तिचाच आणि पर्यावरणाचे नियम पाळले जातात का, हे पाहण्याची जबाबदारीही तिचीच. कचरा जाळण्याचे परिणाम आधी अभ्यासले नाहीत, म्हणून एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड ही संस्था कोर्टात गेली. आमचा पर्यावरण कायदा देशाबाहेर लागू होत नाही, असा सरकारपक्षाचा बचाव होता. १९९३ साली अपील कोर्टाने तो फेटाळला. अंटार्क्टिकावर कुठल्याच देशाची सत्ता नाही आणि निर्णय तर अमेरिकेत बसून घेतले जातात, मग कायदा का लागू होऊ नये, असा कोर्टाचा रोख होता.

एवढ्या अफाट खंडावर थोडा कचरा जळला तर काय बिघडतं? पहिलं म्हणजे, बर्फाखाली नसलेली जमीन तिथे एक टक्क्याहूनही कमी आहे. शेवाळं, दगडफूल आणि पेंग्विनच्या बहुतेक वसाहती तिथेच, आणि माणसांचे बरेचसे तळही तिथेच. दुसरं म्हणजे थंडी. सांडलेलं डिझेल कुजवणारे जिवाणू तिथे इतक्या संथपणे काम करतात की डाग दशकानुदशकं टिकतात. मॅकमर्डोवर १९६२ ते १९७२ एक छोटी अणुभट्टीही होती. ती बंद झाल्यावर हजारो टन दूषित दगडमाती जहाजांनी अमेरिकेला न्यावी लागली.

अंटार्क्टिकाच्या पर्यावरणासाठी झालेल्या १९९१च्या माद्रिद कराराने (तो लागू झाला १९९८मध्ये) खाणकामावर बंदी घातली आणि कुठलंही काम सुरू करण्याआधी त्याचे परिणाम तपासणं बंधनकारक केलं. स्लेजचे कुत्रेही या कराराने एप्रिल १९९४पर्यंत हद्दपार केले, कारण त्यांचे रोग सीलना होण्याची भीती होती. पण कराराची खरी कळ आहे ती ‘किरकोळ किंवा तात्पुरता’ या शब्दांत. परिणाम त्याहूनही कमी असेल तर काम लगेच सुरू. तेवढाच असेल तर प्राथमिक अहवाल पुरतो. त्याहून मोठा असेल तर सविस्तर अहवालाचा मसुदा सगळ्या सदस्य देशांना पाठवून त्यांची मतं मागवावी लागतात. परिणाम किरकोळ की मोठा, हे मात्र ज्याला काम करायचं आहे तोच देश ठरवतो! आणि मतं कितीही विरोधी आली, तरी नकाराधिकार कुणालाच नाही.

व्होस्टॉक सरोवराचं तेच झालं. साडेतीन किलोमीटरहून जाड बर्फाखालचं, लाखो वर्षं जगापासून तुटलेलं हे पाणी. रशियाची ड्रिल त्याच्या दिशेने जात होती आणि भोक गोठू नये म्हणून त्यात केरोसिनमिश्रित द्रव भरला होता. सरोवर दूषित होईल, अशी शंका इतरांनी वारंवार मांडली. तरीही फेब्रुवारी २०१२मध्ये ड्रिल ३,७६९ मीटरवर पाण्याला भिडली. पुढे नमुन्यात सापडलेले जिवाणू सरोवरातले की ड्रिलच्या द्रवातले, यावरच वाद झाला. पर्यावरणाची काळजी आणि विज्ञानाची विश्वासार्हता इथे एकच होती.

मला यात कुणाची लबाडी दिसत नाही. सत्ताधीशच नसलेल्या खंडावर नियम राबवणार ते प्रत्येक देशाचं आपापलं सरकारच. भारताच्या २०२२च्या अंटार्क्टिक कायद्यातही परवाने देणाऱ्या समितीचे अध्यक्ष पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचे सचिव आहेत आणि मोहिमा पाठवतं तेही हेच मंत्रालय. समितीत इतर खात्यांचे प्रतिनिधी आणि बाहेरचे तज्ज्ञ आहेत, हा दिलासा.

बाहेरची नजर मात्र १९५९च्या मूळ अंटार्क्टिक करारानेच ठेवली आहे. मतदानाचा हक्क असलेल्या कोणत्याही देशाचे निरीक्षक कुणाच्याही तळावर केव्हाही जाऊन गोदामापासून कचऱ्यापर्यंत सगळं पाहू शकतात. शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघांनी हे मान्य केलं होतं, याचं मला अजून नवल वाटतं. हे निरीक्षक दंड करू शकत नाहीत. अहवाल लिहितात, आणि तो सगळ्या देशांसमोर येतो.

अपघात झालाच तर साफसफाईचा खर्च कुणी द्यायचा, हे ठरवणारं परिशिष्ट २००५ साली मंजूर झालं. ते लागू व्हायला तेव्हाच्या सगळ्या मतदार देशांची संमती लागते, आणि ती अजून पुरी झालेली नाही.