खुलासा: त्या महाकाय मुंग्या ‘स्टॉप मोशन’च्या नव्हत्या

१९५०च्या दशकातल्या हॉलिवूडपटांतले राक्षसी किडे म्हणजे इंचाइंचाने सरकवून एकेक चित्र टिपलेल्या बाहुल्या (यालाच ‘स्टॉप मोशन’ म्हणतात), हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

‘देम!’ (१९५४) मधल्या मुंग्या पूर्णाकृती यांत्रिक होत्या. एक मुंगी अख्खी. दुसरीला मागचा भागच नव्हता, ती लांब दांड्यावर बसवून पुढे-मागे हलवत. म्हणूनच मुंगी बहुधा समोरूनच दिसते!

‘टॅरंट्युला’त (१९५५) तर जिवंत कोळी आहे (कोळी कीटक नव्हे, पण असो). छोट्या देखाव्यावर त्याला हवेच्या झोताने हाकत आणि ते चित्रण खऱ्या वाळवंटाच्या दृश्यात मिसळत. दोन चित्रांमधली सीमारेषा जराशी चुकली की पाय हवेतच गायब.

‘बिगिनिंग ऑफ द एंड’मध्ये (१९५७) खरे नाकतोडे इमारतींच्या छायाचित्रांवर सोडले होते. एखादा भिंतीची कड ओलांडून थेट ‘आकाशात’ पाऊल टाकतो आणि सगळं बिंग फुटतं.

खरं स्टॉप मोशन पाहायचं तर ‘द ब्लॅक स्कॉर्पियन’ (१९५७). सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे दहा सेकंदांसाठी २४० स्थिरचित्रं. प्रत्येकाआधी विंचवाचे पाय किंचित हलवायचे. ओळखायचं कसं? टिपताना बाहुली स्थिर असते, त्यामुळे वेगाने हलणारा पायही अस्पष्ट होत नाही. हालचाल तुटक वाटते. जिवंत कोळ्याचा पाय मात्र झपकन सरकताना पुसट होतो.