साखरशाळा वेगळी, हंगामी वसतिगृह वेगळं

दरवर्षी दिवाळीच्या आसपास ओळखीतल्या लोकांचे फोन येतात. "ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काहीतरी द्यायचंय. तुमची ती साखरशाळा असते ना, तिला देऊ का?" इच्छा मनापासूनची असते, म्हणून आधी मी आभार मानते. मग सांगते, की आम्ही ज्या कामाला हातभार लावतो ते हंगामी वसतिगृह आहे, साखरशाळा नाही. पलीकडून बहुतेकदा एकच प्रश्न येतो: "म्हणजे तेच ना?"

ते तेच नाही. मूल तेच, हंगाम तोच, आई-बापाच्या हातातला कोयताही तोच. पण साखरशाळा मुलाच्या मागोमाग कारखान्यावर जाते, आणि हंगामी वसतिगृह मुलाला गावातल्या शाळेपाशी ठेवून घेतं. एवढ्या एका फरकामुळे पैसा कशावर लागतो, माणूस कोण लागतो आणि कुठलं मूल हातातून सुटतं, हे सगळंच बदलतं.

आधी हंगामाचं गणित मांडते. बीड जिल्हा, अहिल्यानगरमधला पाथर्डीचा भाग, जालना, परभणी, धाराशिव इथून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. बऱ्याचशा पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे जातात, काही कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत हलता येत नाही. पट्टा पडतो, म्हणजे तोडणीचा हंगाम संपतो, तो मार्च-एप्रिलमध्ये. आता यावर शाळेचं वर्ष ठेवून बघा. पहिलं सत्र जून ते दिवाळी, दुसरं दिवाळीनंतर एप्रिलपर्यंत. म्हणजे टोळीबरोबर गेलेल्या मुलाचं दुसरं सत्र दरवर्षी सगळंच्या सगळं जातं. चौथी झालेल्या मुलाची कागदावर चार वर्षं भरतात आणि वर्गात बसून जेमतेम दोन. त्यात २०२३ मध्ये राज्यात पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आली. फेरपरीक्षेतही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात बसतं. ती परीक्षा नेमकी दुसऱ्या सत्राच्या शेवटी असते.

साखरशाळा भरते कारखान्याच्या तळावर, कामगारांच्या कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या, मधोमध किंवा शेजारच्या एखाद्या शेडमध्ये. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या 'जनार्थ' या संस्थेनं या शतकाच्या पहिल्या दशकात अशा शाळा बऱ्याच कारखान्यांवर चालवल्या. ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर 'विधायक संसद' या संस्थेनं काढलेल्या भोंगाशाळांचं तत्त्व हेच होतं: कामासाठी घर हलतं, तर शाळेनंही हलावं.

तळावरची सकाळ ज्यानं पाहिली नाही त्याला साखरशाळेची अडचण समजणार नाही. पहाटे अंधारातच आई-बाप उसाच्या फडात गेलेले असतात. रात्री ट्रक कधीही येतो आणि तो भरायला उठावं लागतं, म्हणून मुलांची झोपही अर्धवटच. आठ-नऊ वर्षांची मुलगी कोपीवर मागे राहते. अभ्यासासाठी नव्हे, धाकट्याला सांभाळायला. अशी एक मुलगी मी पाहिली. एक हात पाटीवर आणि दुसरा मांडीवर झोपलेल्या भावाच्या पाठीवर. भाऊ चुळबुळला की अक्षर अर्धं टाकून ती त्याला थोपटायची, मग पुन्हा पेन्सिल उचलायची. तिथल्या शिक्षिकेनं शेडच्या आढ्याला जुन्या साडीची झोळी बांधून घेतली होती. झोळी आल्यापासून मुली रोज यायला लागल्या, असं ती म्हणाली. फळा, पुस्तकं, चार्ट सगळं आधीपासून होतं, अडलं होतं ते झोळीवाचून.

तळही सगळे एकसारखे नसतात, आणि देणगीदारांना सहसा कुणी न सांगितलेली गोष्ट हीच आहे. गाडी सेंटरचे लोक, म्हणजे बैलगाडीनं ऊस वाहणारे, कारखान्याजवळच्या एकाच तळावर हंगामभर राहतात. तिथे साखरशाळा टिकते. डोकी सेंटरची टोळी मोळ्या डोक्यावर वाहून ट्रक भरते. ती कारखान्यापासून लांब, या गावातून त्या गावात, फड संपेल तशी हलत असते. आज ज्या बांधावर कोप्या आहेत तिथे पंधरा दिवसांनी चुलीची राख उरते. या मुलांपर्यंत साखरशाळा बहुतेक पोचलीच नाही. तिची चाकंसुद्धा इतक्या वेगानं फिरू शकत नव्हती.

मग शिक्षण हक्क कायदा आला. कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यानं मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसण्याचा आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क दिला. शाळा बदलण्याचा हक्कही दिला. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम ५ मध्ये स्पष्ट आहे. त्यामुळे तळावरच्या वेगळ्या, तात्पुरत्या शाळेपेक्षा मुलाला जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवा, असं धोरण झालं आणि साखरशाळा मागे पडत गेल्या. मुलासोबत द्यायला शिक्षण हमी कार्ड आलं. कोणता वर्ग, काय येतं, काय राहिलंय, हे नव्या गुरुजींना कळावं म्हणून.

यामागचा विचार मला पटतो. पत्र्याच्या शेडमधली शाळा ही गरिबांसाठी राखून ठेवलेली कमी दर्जाची शाळा होऊन बसण्याचा धोका होताच. पण तळ आणि गावातली शाळा यांच्यात तीन किलोमीटर अंतर असतं, मध्ये उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला रस्ता असतो, आणि सात वर्षांच्या मुलाला तिथवर सोडायला कोणीच नसतं. कर्नाटकात गेलेल्या मुलाच्या जवळची सरकारी शाळा कन्नड असते. तिथे हमी कार्ड दाखवून काय होणार? आणि इकडे गावच्या मुख्याध्यापकांचीही एक धास्ती असते. पट कमी झाला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, शिक्षकाचं पद जाऊ शकतं. म्हणून नाव हजेरीपटावर राहतं आणि मूल फडात. यात मुख्याध्यापकांना खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. दोन शिक्षकी शाळेतला एक शिक्षक गेला तर जी मुलं गावात राहिलीत त्यांचंही नुकसानच होतं.

हंगामी वसतिगृह याच ठिकाणी उपयोगी पडतं. मूल गावातच राहिलं तर दाखला, कार्ड, भाषा, पट असा कुठलाच प्रश्न उरत नाही. मात्र 'वसतिगृह' या शब्दानं डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते बहुतेक गावांत नसतं. वेगळी इमारत नाही, ओळीनं लावलेल्या कॉट नाहीत. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून मिळणाऱ्या पैशावर शाळा व्यवस्थापन समिती हे चालवते. शाळेची एखादी खोली, गावातलीच एक स्वयंपाकीण, आणि ज्यांचे आई-बाप तोडीला गेलेत त्या मुलांची यादी. दुपारी शाळेचा पोषण आहार असतोच, सकाळ-संध्याकाळचं खाणं वसतिगृहाचं. जेवण झालं की बरीचशी मुलं झोपायला आजीकडे जातात. म्हणजे खरी रेक्टर आजी, आणि तिला पगार नाही.

ही आजी साधारण पासष्ट-सत्तरीची. तिनं स्वतः पंचवीस-तीस पट्टे केलेले असतात. गुडघे गेलेत म्हणून ती गावात राहिलीय. अशी एक आजी मी जवळून पाहते. तिच्याकडे तीन नातवंडं आहेत, दोन लेकाची, एक लेकीचं. वसतिगृह सुरू झालं की तिच्या चुलीवरचा दोन वेळचा भार हलका होतो, म्हणून ती मुलांना ठेवून घ्यायला तयार होते. सुरू व्हायला उशीर झाला की ती सुनेला सांगते, "घेऊन जा गं, मला नाय जमायचं." मूल टोळीबरोबर जाणार की शाळेत राहणार, हे बऱ्याचदा या एका वाक्यावर ठरतं.

वसतिगृहातला सगळ्यात महत्त्वाचा तास मला विचाराल तर संध्याकाळचा, फोनचा. वसतिगृहातल्या ताईंच्या मोबाइलवर एकेकाची आई येते. स्पीकर चालू असतो, कारण सगळ्यांनाच ऐकायचं असतं. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत असतो. आई विचारते, "जेवलास का?" मुलगा म्हणतो, "हां." ती विचारते, "काय होतं?" तो म्हणतो, "वरण-भात." मग दोघंही गप्प. तेवढ्यात तिकडून कोणीतरी हाक मारतं आणि फोन बंद होतो. त्यानंतर तो मुलगा पाच मिनिटं कोणाशी बोलत नाही. अशा वेळी शेजारी बसायला एक मोठं माणूस हवं असतं. अनुदानाच्या कागदावर त्या माणसासाठी रकाना नसतो. संस्थांनी नेमकी ही जागा भरावी असं मला वाटतं.

नावाच्या साधर्म्यामुळे आणखी एक गल्लत होते. २०२१ मध्ये शासनानं संत भगवानबाबा यांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर केली, मुलांची आणि मुलींची वेगळी. ती तालुक्याच्या पातळीवरची आणि वर्षभराची. गावातल्या हंगामी वसतिगृहाशी त्यांचा संबंध नाही. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं 'शांतिवन' आहे. ते निवासी प्रकल्पाचं काम, तिथे मूल वर्षानुवर्षं राहतं आणि शिकतं. ज्या मुलाला आजीही नाही त्याला अशाच ठिकाणाचा आधार. हंगामी वसतिगृह त्याला पुरं पडत नाही.

तर साखरशाळा आणि हंगामी वसतिगृह, या दोन्हींत चांगलं कोणतं? सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी मी निःसंशय गावातल्या वसतिगृहाच्या बाजूनं आहे. तीच शाळा, तेच गुरुजी, तेच मित्र, आणि रात्री पाठीवर ओळखीचा हात. पण म्हणून साखरशाळा मोडीत काढायला मी तयार नाही. वसतिगृहाच्या याद्या मी अनेकदा वाचल्यात आणि त्यांत मला नेहमी मुलगे जास्त दिसतात. कारण सरळ आहे. दोन वर्षांचं बाळ आईबरोबरच जाणार. त्याला सांभाळायला कोणी लागणार. मग आठ वर्षांची मुलगी जाते आणि दहा वर्षांचा मुलगा शाळेत राहतो. आई निष्ठुर असते म्हणून हे होत नाही. तोडणीचा दर २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. एका कोयत्याची दिवसाची तोड दीड-दोन टनांची. आईनं एक दिवस बाळापाशी बसायचं ठरवलं तर तेवढा खाडा, आणि उचल तशीच उभी.

म्हणून तळावर पाळणाघर लागतं, अंगणवाडी लागते आणि त्या मुलीसाठी शाळाही लागते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींचा प्रश्न तर याहून अवघड. आजी म्हणते, जबाबदारी नको. आई म्हणते, तळावर नेऊन कोपीत एकटी कशी ठेवू? या दोघींच्या मध्ये लग्न ठरतं. या वयाच्या मुलीसाठी गावातल्या वसतिगृहात रात्री मुक्कामाला बाई असणं, दाराला आतून कडी असणं आणि दिवा असलेलं न्हाणीघर असणं, या तीन गोष्टी सगळ्यात आधी येतात.

तेव्हा कुणाला द्यायचं असेल तर आधी विचारा, काम तळावर आहे की गावात. तळावर असेल तर पुढचा प्रश्न, गाडी सेंटर की डोकी सेंटर? सहा वर्षांखालच्या मुलांचं काय करता? शिक्षिका तळावर किती वाजता पोचते? दहा वाजता येत असेल तर तोवर मुलं कुठे असतात? गावात असेल तर विचारा, मुली किती, मुलगे किती? रात्री मुलं कुठे झोपतात? आजी आजारी पडली तर कोण बघतं? जी संस्था या प्रश्नांची उत्तरं फाइल न उघडता देते, तिला बिनधास्त द्या. 'आम्ही शंभर मुलांना दप्तरं वाटली' एवढंच जी सांगते, तिला हेच प्रश्न पुन्हा विचारा. दप्तर मिळालेलं मूल दिवाळीनंतर कुठे होतं, हे तिला माहीत असायला हवं.

आणि वसतिगृहाला द्यायचं ठरलं तर दिवाळीपर्यंत थांबू नका, गणपतीतच द्या. अनुदान उशिरा आलं तरी गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल दसऱ्याच्या आधी खोलीत येऊन पडायला हवं. टोळीची गाडी दसऱ्यानंतर कुठल्याही रात्री दारात उभी राहते. त्या रात्री शाळेतली चूल पेटलेली असली तरच आजी सुनेला म्हणू शकते, "पोरांना राहू दे, मी हाय."