तुरट ते टिकाऊ

लालभडक जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात सोडल्या की पाच-दहा मिनिटांत पाण्याला दाट जांभळट रंग चढतो. त्यात टाक बुडवून दोन ओळी लिहिल्या की शाई जमली असं वाटतं. मग तो कागद खिडकीत ठेवावा. काही आठवड्यांतच ओळींच्या जागी मळकट, फिकट खुणा उरतात. झाडपाल्यापासून शाई करायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा इथे फसतो. मीही फसलो, आणि एकदा नाही, तीनदा.

चूक पाकळ्यांची नसते. फुलांचे लाल-जांभळे-निळे रंग बहुतेक वेळा ॲन्थोसायनिन नावाच्या रेणूंचे असतात. फूल काही दिवसांचं, त्यामुळे परागीभवनापुरतं कीटकांना बोलावून झालं की त्या रंगाचं काम संपतं. तो पुढे वर्षानुवर्षं टिकावा अशी झाडाला काही गरज नाही. हे रेणू चंचलही फार. लिंबाचा थेंब पडला की लाल होतात, खाण्याचा सोडा टाकला की निळे-हिरवे. मुलांना दाखवायला हा खेळ झकास, पण अशा रंगात पत्र लिहू नये. बीटचा गुलाबी रंग रासायनिकदृष्ट्या अगदी वेगळ्या कुळातला, तरी उन्हात त्याचीही तीच गत.

टिकाऊ रंग शोधायचा तर नजर फुलांवरून काढून साली, टरफलं, कच्ची फळं आणि शेंगा यांच्याकडे वळवावी लागते. दिसायला हा सगळा माल रुक्ष, तपकिरी. पण किडी आणि बुरशी यांना दूर ठेवायला झाडं याच भागांत टॅनिन साठवतात. टॅनिनची ओळख आपल्या जिभेला आधीपासून आहे. कच्चं केळं किंवा जांभूळ चावल्यावर तोंड कोरडं पडतं, जीभ खरखरीत होते, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं. कातडं कमावताना तेच चामड्याच्या प्रथिनांना धरतं, आणि लोहाशी गाठ पडली की काळं होतं. (चव हा खुणेचा भाग झाला. रानातली अनोळखी फळं चाखून पाहू नका.)

शाईसाठी सर्वांत नावाजलेला तुरट माल म्हणजे मायफळ. नावात फळ असलं तरी ते फळ नव्हे. ओकच्या कोवळ्या फांदीत एक छोटी गांधीलमाशी अंडं घालते, आणि झाड त्या अळीभोवती टणक गाठ वाढवतं. सुक्या गाठीच्या वजनाचा साधारण निम्मा भाग टॅनिन असू शकतो. मायफळं कुटून पाण्यात भिजवायची, गाळायची, त्यात हिराकस म्हणजे फेरस सल्फेट घालायचं आणि शेवटी डिंक. डिंकामुळे शाई टाकाच्या टोकाला धरून राहते, कागदावर पसरत नाही आणि काळे कण तळाशी बसत नाहीत.

खरी गंमत लिहिताना दिसते. ताजी शाई अनेकदा फिकट करडी असते. हिराकशीतलं लोह फेरस अवस्थेत असतं, आणि टॅनिनशी त्याचं जे संयुग होतं त्याला फारसा रंग नसतो. कागदावर हवेतला ऑक्सिजन लागला की लोह फेरिक अवस्थेत जातं, आणि काही मिनिटांपासून दिवसाभरापर्यंत ती ओळ काळी काळी होत जाते. त्यातही शाई तोवर कागदाच्या तंतूंमध्ये मुरलेली असते, त्यामुळे काळा रंग तिथेच तयार होतो आणि पुसता येत नाही. काजळीची शाई नेमकी उलट. कार्बन उन्हाने विटत नाही, पण त्याचे कण पृष्ठभागावरच बसतात, ओला बोळा फिरवला की निघू शकतात. चौथ्या शतकातलं ग्रीक बायबलचं हस्तलिखित, कोडेक्स सायनायटिकस, लोह-टॅनिनच्या शाईतलंच आहे आणि ते आजही वाचता येतं.

पण या शाईत एक खोड आहे. लोह आणि टॅनिन एकत्र येताना गंधकाम्ल सुटतं, आणि टॅनिनला न पेललेलं जादा लोह कागदातल्या सेल्युलोजच्या ऑक्सिडीकरणाला हातभार लावतं. दोन्हींनी मिळून कागद पोखरला जातो, इतका की अक्षरांच्या जागी भोकं पडतात. संगीतकार बाखच्या हस्तलिखितांची अशी हानी झालेली आहे. १९९०च्या दशकात नेदरलँड्समध्ये यावर एक उपाय पुढे आला: धान्याच्या कोंड्यात सापडणाऱ्या फायटिक आम्लाचा क्षार वापरून मोकळं लोह जखडून टाकायचं. घरी शाई करताना वजनाने ३ भाग मायफळाला १ भाग हिराकस घेतली तर लोह फारसं उरत नाही. जास्त काळी व्हावी म्हणून हिराकस वाढवण्याचा मोह होतोच, तो आवरावा. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये भिजवून केलेलं लोहपाणी कागदाला त्या मानाने सौम्य असतं, कारण ॲसेटिक आम्ल हळूहळू उडून जातं.

कापडाकडे आलं की प्रश्न थोडा बदलतो. लोकर आणि रेशीम ही प्रथिनं, त्यांच्या रेणूंवर रंगाला धरायला जागा भरपूर. सुती कापड मात्र सेल्युलोजचं, तिथे अशा जागांची वानवा. म्हणून मध्ये दुवा लागतो, रंगबंधक. इथे येते तुरटी, आणि तिचं नावच तिची चव सांगतं. तिच्यातलं ॲल्युमिनियम एका हाताने धागा धरतं, दुसऱ्या हाताने रंगाचा रेणू. १०० ग्रॅम सुक्या लोकरीला १० ते १५ ग्रॅम तुरटी पुरते. सुताला आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून टॅनिन चढवायचं आणि मग तुरटी द्यायची, म्हणजे तुरटावर तुरट. त्यानंतर कांद्याच्या टरफलांचा काढा दिला की सोनेरी पिवळा रंग बसतो, आणि तोच कपडा अगदी जराशा लोहपाण्यातून काढला की गडद शेवाळी होतो. लोह जास्त झालं तर धागा ठिसूळ पडतो, ही कागदाचीच कहाणी पुन्हा.

काही रंगांना दुव्याची गरजच पडत नाही. मेंदीच्या पानातलं लॉसोन आणि अक्रोडाच्या हिरव्या सालीतलं जुग्लोन या दोन्ही रेणूंत १० कार्बन, ६ हायड्रोजन आणि ३ ऑक्सिजनच असतात, फक्त अणूंच्या एका गटाची जागा वेगळी. एक केशरी रंगवतं, दुसरं तपकिरी, आणि दोन्ही थेट प्रथिनांना जाऊन चिकटतात. अक्रोड सोलताना हातमोजे घाला, नाहीतर काळी बोटं बरेच दिवस मिरवावी लागतील.

निळीची तऱ्हाच निराळी. ती पाण्यात विरघळत नाही. अल्कधर्मी पाण्यात तिचं क्षपण केलं, म्हणजे तिला इलेक्ट्रॉन पुरवले, की ती पिवळट-हिरवी होऊन विरघळते. कापड बाहेर काढून हवेत धरलं की डोळ्यांदेखत निळं होतं आणि रंग धाग्यात अडकून पडतो. पेरूमधल्या हुआका प्रिएता इथे सुमारे ६,००० वर्षांपूर्वीचं निळीत रंगवलेलं सुती कापड सापडलं आहे. घरच्या पहिल्याच प्रयोगाला मात्र मी निळीच्या वाटेला जाणार नाही.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी. रंगाची भांडी स्वयंपाकात परत न्यायची नाहीत. बाटलीत लवंग तेलाचे दोन थेंब टाकले नाहीत तर आठवड्याभरात वर बुरशीची साय धरते. डिंकाची शाई फाउंटन पेनात भरली तर पेन गेलंच समजा. साली गळून पडलेल्या फांद्यांच्याच घ्याव्यात. जिवंत खोडाभोवती साल पूर्ण काढली तर झाड मरतं.

आणि प्रत्येक नव्या रंगाची एक पट्टी कागदावर ओढून अर्धी जाड पुठ्ठ्याने झाकावी, वर तारीख घालावी आणि उन्हाच्या खिडकीला लावावी. वस्त्रोद्योगातही हेच करतात, फक्त तिथे तुलनेसाठी शेजारी लोकरीच्या ८ निळ्या पट्ट्या असतात, प्रत्येक आधीचीपेक्षा साधारण दुप्पट टिकाऊ. माझ्या खिडकीत सध्या अकरा पट्ट्या आहेत. जास्वंदीची झाकलेली बाजू अजून जांभळी आहे, उघडी बाजू शोधावी लागते. शेजारच्या मायफळाच्या पट्टीत दोन्ही बाजूंमधली सीमारेषा मला अजून सापडलेली नाही.