बफी सीझन एट : कॉमिकमालिका आणि चाहत्यांच्या प्रतिक्रिया

‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेची कथा पुढे नेणारी ४० अंकांची कॉमिकमालिका. डार्क हॉर्स कॉमिक्सने ती मार्च २००७ ते जानेवारी २०११ या काळात प्रसिद्ध केली. पिशाचांचा नायनाट करण्यासाठी निवडल्या गेलेल्या बफी समर्स या मुलीची मूळ मालिका १९९७ ते २००३ अशी सात सीझन आणि १४४ भाग चालली होती. तिचा निर्माता जॉस व्हीडन याने आठवा सीझन कागदावर आणायचे ठरवले आणि चाहत्यांनी त्याचे स्वागत जितक्या उत्साहाने केले, तितक्याच कडवटपणे पुढे त्यावर टीका केली. एखाद्या मालिकेवरच्या कॉमिकवर तिच्या प्रेक्षकांनी इतका जीव लावल्याचे आणि इतका राग काढल्याचे उदाहरण विरळाच.

बफीवरची कॉमिक्स त्याआधीही निघत होती. डार्क हॉर्सनेच १९९८ पासून मासिक अंक काढले होते. पण त्या होत्या जोडकथा. आवडल्या तर वाचाव्यात, नाहीतर सोडून द्याव्यात. पडद्यावरच्या कथेला त्यांनी धक्का लागत नसे. २००७ मध्ये हे चित्र पालटले. पहिले पाच अंक व्हीडनने स्वतः लिहिले, पुढच्या अंकांवर त्याची देखरेख राहिली, आणि ड्र्यू गॉडर्ड, जेन एस्पेन्सन हे मूळ मालिकेचे लेखकही कामाला लागले. या कॉमिकमध्ये घडेल ते आता बफीच्या आयुष्यात ‘खरोखर’ घडणार होते. पुढच्या सगळ्या वादांचे मूळ इथे आहे. जोडकथेत कोणी मेले तर वाचक पान उलटतो. अधिकृत कथेत मेले तर ते माणूस गेले.

सुरुवात जल्लोषाची होती. पहिल्या अंकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या आणि त्याच्या पुन्हा आवृत्त्या काढाव्या लागल्या. जो चेनच्या हुबेहूब मुखपृष्ठांची वाहवा झाली. आतली चित्रे जॉर्जेस जेंटीची. त्यांत नटांचे चेहरे नीट ओळखू येत नाहीत, काही मुली एकमेकींसारख्याच दिसतात, अशी तक्रार मात्र शेवटपर्यंत राहिली. जुन्या गाठी सोडवणारे तपशील वाचकांना विशेष सुखावून गेले. ‘एंजल’ या भगिनी मालिकेत बफी रोममध्ये कोणा ‘इमॉर्टल’बरोबर फिरताना दाखवली होती आणि ते अनेकांना खटकले होते. ती बफी नव्हतीच, शत्रूला चकवण्यासाठी ठेवलेली तोतया होती, असा खुलासा पहिल्याच अंकात झाला. तोतयांपैकी दुसऱ्या एका मुलीवरचा पाचवा अंक आणि ब्रायन के. व्हॉन याने लिहिलेली, फेथ या दुसऱ्या, बंडखोर स्लेअरची चार अंकी कथा (अंक ६ ते ९) आजही या मालिकेतले उत्तम काम मानली जाते, आणि ते योग्यच आहे. २००८ मध्ये या कॉमिकमालिकेला सर्वोत्कृष्ट नव्या मालिकेचा आयझनर हा कॉमिक्ससाठीचा पुरस्कार मिळाला.

या चाहत्यांचे वाचन किती बारीक होते, हे वॉरेन या खलनायकाच्या प्रकरणातून दिसते. सहाव्या सीझनमध्ये बफीची जादूगार मैत्रीण विलो हिने त्याची कातडी सोलून त्याला मारले होते. कॉमिकमध्ये तो जिवंत निघाला, एमी या चेटकिणीने आपल्या जादूने त्याला वाचवले होते. वाचकांनी लगेच बोट ठेवले : सातव्या सीझनमधली ‘फर्स्ट’ ही दुष्ट शक्ती केवळ मृतांचेच रूप घेऊ शकते आणि तिने वॉरेनचे रूप घेतले होते, मग तो जिवंत कसा? अखेर तो क्षणभर मेला होता, अशी सारवासारव करावी लागली. ती फारशी कोणाला पटली नाही.

दूरचित्रवाणीला खर्चाची मर्यादा असते, कागदाला ती नसते. म्हणून बफीकडे स्कॉटलंडमधला किल्ला आणि तिच्यासारखीच शक्ती मिळालेल्या मुलींचे सैन्य आले, तिची बहीण डॉन राक्षसी आकाराची झाली, नंतर अश्वमानव झाली. काहींना हे मोकळे आकाश आवडले. पण मूळ मालिकेचे बळ होते ते शाळा, स्वयंपाकघर, कबरस्तान अशा ओळखीच्या जागी भीती आणून ठेवण्यात, आणि नटांच्या आवाजातून उमटणाऱ्या चटपटीत संवादांत. ते दोन्ही हरवल्याची खंत अनेकांनी व्यक्त केली. शिवाय अंक महिन्याला एक, आणि तोही कधीकधी लांबणारा. पडद्यावर काही महिन्यांत संपणारा सीझन इथे जवळजवळ चार वर्षे रेंगाळला. बाराव्या अंकात बफीने सात्सू या सहकारी मुलीबरोबर रात्र घालवली, तेव्हा काहींनी मोकळेपणाचे कौतुक केले, तर काहींना ती चर्चेसाठी केलेली खेळी वाटली.

सर्वांत मोठा स्फोट २०१० मध्ये झाला. मुखवटा घातलेला खलनायक ‘ट्वायलाइट’ म्हणजे बफीचा पहिला प्रियकर, आत्मा परत मिळालेला पिशाच एंजल, हे रहस्य आगामी अंकाच्या मुखपृष्ठामुळे नियोजित वेळेआधीच फुटले. ज्याने पापक्षालनासाठी स्वतःची पाच सीझनची मालिका खर्ची घातली, तो मुलींच्या मृत्यूला कारण कसा होईल, हा प्रश्न रास्त होता आणि अंकांमधले उत्तर तोकडे होते. ३४व्या अंकात दोघांचा आकाशात झालेला, विश्व हादरवणारा शृंगार तर एंजल-बफी जोडीच्या समर्थकांनाही पचला नाही. बफीचा नंतरचा पिशाच प्रियकर स्पाइक याच्या चाहत्यांबद्दल बोलायलाच नको.

गोंधळात भर घातली ती हक्कांच्या वाटणीने. एंजलचे कॉमिक आयडीडब्ल्यू या दुसऱ्या प्रकाशकाकडे होते. व्हीडनसोबत कथानक आखून ब्रायन लिंच याने लिहिलेली १७ अंकी ‘एंजल : आफ्टर द फॉल’ (२००७–०९) लॉस एंजेलिसला नरकात लोटते आणि शेवटी एंजलला शहराचा नायक ठरवते. सुरुवातीच्या अंकांच्या काळपट, गढूळ रंगकामावर टीका झाली, पण माणसांचे स्वभाव अचूक पकडल्याबद्दल लिंचला मान मिळाला. मग एका प्रकाशकाकडे नायक असलेला एंजल दुसऱ्याकडे मुखवटा कधी चढवतो? वाचक स्वतःच कालानुक्रम मांडत बसले. २०११ मध्ये एंजलचे हक्क डार्क हॉर्सकडे आले तेव्हाच हा तिढा सुटला.

३९व्या अंकात, ट्वायलाइटच्या अमलाखाली गेलेला एंजल जाइल्सची मान मोडतो. बफीला वडिलांसारखा असलेला हा वॉचर, म्हणजे तिचा प्रशिक्षक, घाईघाईत, दोन पानी शोकालाही जागा न देता गेला, असे वाचकांना वाटले. दुःखापेक्षा ही घाई जास्त लागली. शेवटच्या अंकातल्या पत्रात व्हीडनने कथेचा पसारा फार वाढल्याचे मान्य करून पुढे मूळ वळणावर परतण्याचे आश्वासन दिले. २०११ मध्ये सुरू झालेल्या नवव्या सीझनमध्ये जादू संपलेली होती आणि बफी सॅन फ्रान्सिस्कोत साधी नोकरी करत होती. तिथेही वाद टळला नाही : गर्भपाताचा निर्णय घेणारी बफी लगेचच यंत्रमानव निघाली आणि गंभीर विषय अर्ध्यावर सोडल्याचा आरोप झाला. त्याच वेळी क्रिस्टोस गेज आणि रिबेका आयझॅक्स यांच्या ‘एंजल अँड फेथ’ने जाइल्सच्या हत्येचे ओझे वाहणारा एंजल इतक्या जिव्हाळ्याने रंगवला की आठव्या सीझनवर रुसलेले पुष्कळ वाचक परत आले. त्यात जाइल्स पुन्हा जिवंत झाला, पण लहान मुलाच्या शरीरात.

हा क्रम २०१८ मध्ये बाराव्या सीझनच्या चार अंकांनी थांबला. २०१९ पासून बूम स्टुडिओज या दुसऱ्या प्रकाशकाने कथा पुन्हा शाळेपासून, नव्याने सुरू केली. जुन्या चाहत्यांपैकी काही जण बफीची गोष्ट २००३ च्या शेवटच्या भागातच संपली असे धरतात, काही बाराही सीझन एकसंध मानतात, आणि बरेच जण फेथची कथा व ‘एंजल अँड फेथ’ तेवढे आपल्या यादीत ठेवून बाकीचे वगळतात.