कम्युनिटी कौन्सिल ही काउंटीची शाखा नाही

वेल्समध्ये हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: कम्युनिटी कौन्सिल म्हणजे काउंटी कौन्सिलचे गावातले ऑफिस, खड्ड्याची तक्रार तिथे दिली की काम झाले. तसे नाही. ही गाव किंवा छोट्या शहराच्या पातळीवरची, स्वतंत्रपणे निवडलेली संस्था आहे. रस्ते, शाळा, कचरा आणि बांधकाम परवाना २२ काउंटी व काउंटी बरो (जिल्हा पातळीच्या) कौन्सिलांकडे. परवान्यावर कम्युनिटी कौन्सिल मत देते, निर्णय देत नाही.

गोंधळाचे मूळ बिलात आहे. कम्युनिटी कौन्सिल आपल्या खर्चासाठी रहिवाशांकडून घ्यायची रक्कम (प्रीसेप्ट) स्वतः ठरवते, पण वसूल करते काउंटी. कौन्सिल टॅक्सच्या (घरावरच्या स्थानिक कराच्या) बिलावर ती ओळ वेगळी छापलेली असते, बघतो कोण!

दोघांचे खरे सहकार्य दिसते ते खेळाचे मैदान किंवा सार्वजनिक शौचालय काउंटीकडून कम्युनिटी कौन्सिलकडे हस्तांतरित होताना. घोडे अडते ते इथेच. भाडेपट्टा नाममात्र असतो, म्हणून सगळे खूश; पण झोपाळ्यांची नियमित तपासणी, विमा, झिजलेली रबरी जमीन बदलणे हे सारे कम्युनिटी कौन्सिलच्या गळ्यात. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, प्रीसेप्टचा आकडा त्याआधीच्या हिवाळ्यात कळवावा लागतो. करार मे महिन्यात झाला, तर त्या वर्षीचा खर्च शिलकीतूनच. म्हणून आधी काउंटीकडून मागच्या काही वर्षांचा देखभालखर्च आणि तपासणी अहवाल लेखी मागवा, मगच सही करा.

आणि कार्डिफच्या बऱ्याच भागात कम्युनिटी कौन्सिलच नाही. तिथे सगळे थेट शहराच्या कौन्सिलकडे.