ट्रिमर आणि प्लंज राउटर: बिट कधी आत, कधी बाहेर

राउटर म्हणजे लाकडात खाचा घेणारं आणि कडा घडवणारं मशीन. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरच्या एखाद्या दुकानात ‘राउटर दाखवा’ म्हटलं, तर काउंटरवर दोनपैकी काहीही येऊ शकतं. एक म्हणजे मुठीत मावेल असं दीडेक किलोचं उभं नळकांडं. दुसरं म्हणजे दोन बाजूंना दोन मुठी असलेलं, दोन दांड्यांवर खालीवर होणारं पाच-सहा किलोचं धूड. पहिल्याला आपले मिस्त्री ट्रिमर म्हणतात, कारण त्यांच्याकडे ते दिवसभर सनमायकाच्या कडा छाटत असतं. दुसरा प्लंज राउटर. (इंटरनेटवर शोधलंत तर तिसराही येतो, वायफायचा. त्याने बोट कापत नाही.)

दोन्हींत उभी मोटर, खाली कोलेट (बिटाचा दांडा पकडणारा जबडा), कोलेटमध्ये बिट (लाकूड कापणारं फिरतं पातं). त्यामुळे ट्रिमर म्हणजे छोटा राउटर असंच वाटतं. मलाही वाटायचं. वजन आणि ताकद यांचा फरक तर आहेच, पण हात सांभाळायचा असेल तर एकच प्रश्न विचारायचा: मोटर चालू करताना आणि बंद करताना बिट कुठे असतं?

ट्रिमरचं बिट कायम तळपट्टीच्या खाली बाहेर आलेलं असतं. खोली एकदा लावली, स्क्रू आवळला, की काम संपेपर्यंत तीच. म्हणून ट्रिमर लाकडापासून लांब धरून चालू करायचा, पूर्ण वेग आला की कडेकडून आत शिरायचं, कडेकडूनच बाहेर यायचं, आणि बंद केल्यावर बिट थांबेपर्यंत हातातच धरून राहायचं. खटका बंद केला तरी बिट काही सेकंद फिरत असतं, आणि ते सेकंद वाटतात त्यापेक्षा लांब असतात.

प्लंज राउटरचं बिट सुरुवातीला तळपट्टीच्या वर, आत लपलेलं असतं. मशीन लाकडावर सपाट ठेवायचं, चालू करायचं, वेग येऊ द्यायचा, मग दोन्ही मुठींवर सारखा दाब देऊन बिट लाकडात उतरवायचं आणि लॉकची कळ लावायची. खाच झाली की लाकडावर असतानाच कळ मोकळी करायची, स्प्रिंगा बिटाला वर घेतात, आणि त्यानंतरच खटका बंद. या क्रमातला जीव त्या कळीत आहे. काही मशीनवर ती फिरवून आवळावी लागते, काहींवर हात काढला की आपोआप लागते आणि मोकळं करायला दाबावी लागते. दुसऱ्याचं मशीन हातात घेताना आधी हे बघावं.

ट्रिमरची सवय घेऊन मी पहिल्यांदा प्लंज वापरला तो देवघराच्या सागाच्या फळीवर. खाच सुरेख झाली. शेवटाला पोचलो, सवयीने खटका बंद केला आणि मशीन उचललं. कळ लागलेलीच होती. बिट अजून फिरत होतं, उचलताना मशीन जरा कललं, आणि खाचेच्या काठाला अर्धचंद्राच्या आकाराचा चावा बसला. मग ते तसंच टेबलावर ठेवायला गेलो, तर ते टेबलावर चालायला लागलं. देवघर अजून आहे. तो चावा समईच्या मागे येतो.

याच्या उलट चूक जास्त वाईट. प्लंजची सवय झालेला माणूस फळीच्या मधोमध खाच घ्यायला ट्रिमर उचलतो. ट्रिमरला खाली उतरण्याची सोयच नाही, म्हणून तो तळपट्टीची एक कड टेकवतो आणि फिरतं बिट तिरकं आत ढकलतो. अशा वेळी बिटाचे दात बाजूने लाकूड पकडतात आणि मशीन हातातून फेकलं जातं. ट्रिमरनेच करायचं असेल तर आधी ड्रिलने बिटापेक्षा मोठं भोक पाडावं आणि बिट कुठेही न टेकता त्यात उतरवून मशीन चालू करावं. बऱ्याच ट्रिमरसाठी वेगळा प्लंज बेस, म्हणजे खालीवर होणारा तळही मिळतो. तो सगळ्यात बरा.

प्लंजमध्येही कुठलंही बिट सरळ खाली उतरत नाही. काही सरळ बिटांना टोकाच्या मधोमध धारच नसते. अशा बिटाने लाकूड कापलं न जाता घासलं जातं, धूर येतो आणि बिट निळं पडतं. विकत घेताना बिट उलटं करून टोक बघायचं: धार मध्यापर्यंत पोचते का?

खोलीचा हव्यास दोन्हीकडे महाग पडतो, पण प्लंजला त्यावर देखणा तोडगा आहे. तळपट्टीवर एक फिरती चकती असते, तिच्यावर कमीजास्त उंचीच्या पायऱ्या. 18 मिमी खोल खाच हवी असेल तर प्रत्येकी 6 मिमीचे तीन घास लावून ठेवायचे आणि प्रत्येक फेरीला चकती एक घर फिरवायची. ट्रिमरमध्ये हेच करायला दर वेळी थांबून खोली नव्याने लावावी लागते. मग कंटाळा येतो, आणि माणूस एकाच घासात उरकायला जातो.

आता हातांचं बघू. ट्रिमर एका हाताने धरता येतो आणि गंमत तिथेच होते: मोकळा राहिलेला दुसरा हात फळी धरायला जातो, बरोबर बिटाच्या वाटेवर. प्लंजला दोन मुठी असल्यामुळे फळी क्लॅम्पने आवळण्यावाचून पर्याय नसतो. ट्रिमर चालवतानाही मी फळी आवळतोच. हातमोजे मात्र दोन्हीकडे नकोत. फिरत्या बिटाने मोज्याचा धागा ओढला की मागोमाग बोट जातं.

वेगाच्या बाबतीत आकडे फसवतात. साधा ट्रिमर मिनिटाला 30,000 फेऱ्यांच्या आसपास फिरतो, मोठा राउटर साधारण 22,000. म्हणजे ट्रिमर जास्त धोकादायक? गणित करून बघा. ट्रिमरमधल्या 6 मिमी व्यासाच्या बिटाची धार ताशी सुमारे 34 किलोमीटरने जाते. राउटरमध्ये 50 मिमी व्यासाचं बिट लावून 22,000 वर ठेवलंत, तर तीच धार ताशी 207 किलोमीटरच्या घरात. म्हणून मोठ्या राउटरवर वेग कमी करायची चकती असते, आणि मोठं बिट लावलं की ती खाली आणायची. बिटावर कमाल वेग लिहिलेला असतो, तो वाचायचा. साध्या ट्रिमरला बहुधा एकच वेग, म्हणून त्यात मोठ्या व्यासाचं बिट लावूच नये.

बिटाच्या दांड्याचा घोळ खास आपल्या बाजारातला. 6 मिमी आणि पाव इंच हे दिसायला जुळे भाऊ, पण पाव इंच म्हणजे 6.35 मिमी. पाव इंची कोलेटमध्ये 6 मिमीचा दांडा बसतो, पाना आवळला की घट्टही वाटतो, आणि काम करता करता हळूहळू खाली सरकत येतो. 12 मिमी आणि अर्धा इंच, म्हणजे 12.7, यांचंही तेच. दांडा पूर्ण आत घालून दोन-तीन मिमी मागे ओढावा, मग आवळावा. आणि बिट बदलताना प्लग काढलेला हवा. नुसता खटका बंद असून भागत नाही.

दिशेचा नियम मात्र दोघांना एकच. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. फळी समोर आणि काम तुमच्याकडच्या कडेवर असेल, तर मशीन डावीकडून उजवीकडे न्यायचं. फळीभोवती बाहेरून फिरताना काट्यांच्या उलट, आतल्या चौकटीत काट्यांच्या दिशेने. उलट गेलात तर ट्रिमर नुसता पळू बघतो, राउटर तुम्हाला बरोबर घेऊन पळतो. मधोमध खाच घेताना मशीन पुढे ढकललं की ते डावीकडे सरकू पाहतं. म्हणून आधाराची पट्टी डाव्या बाजूला लावायची, म्हणजे ते पट्टीला चिकटून जातं.

फक्त सनमायका छाटायचा, कडा गोल करायच्या, बिजागरीचे उथळ खड्डे घ्यायचे, तर ट्रिमर पुरतो. दाराच्या चौकटीत खोल सांधे किंवा कपाटाच्या बाजूंना लांब खाचा घ्यायच्या असतील तर प्लंज घ्यावा. नवा प्लंज आणलात तर बिट न लावता, प्लग काढून, टाकाऊ प्लायवर तो ठेवा आणि दाबा, कळ लावा, कळ मोकळी करा, वर येऊ द्या, असं वीस-पंचवीस वेळा करा. दांड्या एकीकडे अडकत असतील तर ते तेव्हाच कळतं. दाब दोन्ही मुठींवर सारखा नाही, हे बहुतेक वेळा कारण असतं. सारखा दाब देऊनही अडकल्या, तर दांड्यांवरचा भुसा पुसून घ्या.